सोंड, एका वितीवर

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी आज ही वही दिली. रोज किती वेळा खोकलात, ताप आला का आणि काम कसलं केलंत, एवढं लिहायचं. बाकीच्या जागेत मनात येईल ते लिहा, कुणी वाचणार नाही, असं म्हणाले. मी सांगितलं, मला खोकला नाही. सांगता सांगताच ढास लागली. ती थांबल्यावर वहीतली पहिली रेघ डॉक्टरांनीच मारली. हा माणूस मला आवडलेला नाही.

झालं असं की वर्कशॉपमध्ये आज तपासणीची गाडी आली होती. एका नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि यंत्र आकडा सांगतं. माझा आकडा बहात्तर. माझ्या वयाचा, माझ्या उंचीचा धडधाकट माणूस शंभर फुंकतो तिथे मी बहात्तर. मी विचारलं, हा धडधाकट माणूस दिवसभर वेल्डिंग करतो का? डॉक्टर म्हणाले, नाही करत, तोच तर मुद्दा आहे. पंधरा एप्रिलला गाडी पुन्हा येणार. सत्तरच्या खाली गेलो तर हातातली वेल्डिंगची टॉर्च काढून घेऊन मला स्टोअरला बसवणार.

स्टोअरला. सव्वीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाने खिडकीत बसून हातमोजे द्यायचे आणि सह्या घ्यायच्या. माझ्या वेल्डवरून गिऱ्हाईक बोट फिरवून बघतं, घासायला ग्राइंडर लावावा लागत नाही. त्यापेक्षा मला सरळ भंगारात घाला, असं मी मालकीणबाईंना सांगणार होतो, पण त्या फोनवर होत्या.

बोका आज कामावर नव्हता, त्यामुळे त्याची तपासणी हुकली. बोका म्हणजे हिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. माझ्या शेजारच्या टेबलावर असतो, काम मीच शिकवलंय. वेल्डरांना रोज चार वाजता पेलाभर दूध मिळतं, दिवसभराचा धूर धुऊन निघावा म्हणून. हा स्वतःचं पिऊन दुसऱ्यांचंही पितो, म्हणून बोका. दर सोमवारी संध्याकाळी त्याला ताप भरतो आणि मंगळवारी दांडी. पस्तिशीचा गडी, आणि एका रविवारची सुट्टी त्याला झेपत नाही.

६ मार्च, गुरुवार. खोकला १४.

चौदा हा आकडा उशीमुळे आहे. उशी जुनी झालीय.

हिने माझे सगळे तपकिरी रुमाल काढून घेतले आणि पांढरे आणून दिले. मी म्हटलं, वेल्डरला पांढरा रुमाल म्हणजे काय लग्नाला चाललोय का मी? तर म्हणे, दुकानात तेच होते. बोक्यालाही तसलेच दिलेत, आणि त्याच्या बायकोच्या हातात काम जास्त आहे म्हणून त्याचे रुमालही हीच धुते. भावाचे लाड करायला हिला निमित्तच लागत नाही.

१० मार्च, सोमवार. खोकला १७. ताप आहे.

संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घेऊन बसलोय. तोंडात नाणं चघळल्यासारखी चव. सासूबाई दर रविवारी जेवायला येतात आणि सोमवारी मला ताप येतो, हे मी कधीपासून बघतोय, पण हिच्यापुढे बोलायची सोय नाही.

११ मार्च, मंगळवार. खोकला १६.

ताप उतरला. वहीत ताप लिहिला म्हणून डॉक्टरांना फोन करावा लागला, तशी अट होती. त्यांनी विचारलं, काम कसलं चालू आहे? मी सांगितलं, जानेवारीपासून कठड्यांची ऑर्डर, सगळे जस्ताचा मुलामा दिलेले पाईप. ते म्हणाले, तो मुलामा जळतो, त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि त्याने ताप येतो. आठवडाभरात अंगाला धुराची सवय होते, रविवारी ती मोडते, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. दूध पितो म्हटलं तर म्हणाले, दूध पोटात जातं आणि धूर छातीत, त्यांची वाटेत कुठे गाठ पडणार?

म्हणजे इतके महिने मी उगाच सासूबाईंवर डाफरत होतो. त्यांची माफी मागायला हवी. मागणार नाही, पण मागायला हवी.

बोका आजही कामावर नव्हता.

१२ मार्च, बुधवार

बाईंनी बोलावलं. डॉक्टरांचा त्यांनाही फोन गेला होता. वडिलांच्या मागे वर्कशॉप बाईंकडे आलं तेव्हा ह्या दोन महिन्यांत कुलूप लावतील असं मी म्हणालो होतो. त्याला नऊ वर्षं झाली. त्यांनी विचारलं, धुराचं काय करायचं? मी म्हटलं, त्यात काय एवढं, माझ्या पाठीमागे मोठा पंखा लावा, धूर पुढे निघून जाईल. लगेच लावला. काय सांगू, डोळ्यांसमोर धूर म्हणून नाही. सव्वीस वर्षांचा अनुभव उगाच नसतो.

२० मार्च, गुरुवार. खोकला १३.

रंगाऱ्याशी भांडण. तो शेडच्या दुसऱ्या टोकाला असतो. त्याने एक मोठं फाटक पांढरंशुभ्र रंगवून वाळत ठेवलं होतं. दुपारी बघतो तर राखाडी. पंख्याने माझा सगळा धूर नेऊन त्याच्या ओल्या रंगावर बसवला. आठ दिवस त्याला कळत नव्हतं की रंग मळकट का येतोय, तो रंगाच्या कंपनीला शिव्या घालत होता. आज त्याने पंख्यापुढे मला पाहिलं आणि ब्रश घेऊन अंगावर धावून आला. मी म्हटलं, धूर फुकट आहे, चालला तर चालला. बाईंनी पंखा बंद करायला लावला.

बोक्याचं टेबल माझ्या आणि रंगाऱ्याच्या मधे आहे, पण तो आठ दिवसांत एका शब्दाने बोलला नाही. समजूतदार आहे. हल्ली काम करताना शिट्टीही वाजवत नाही. आधी दिवसभर तीच एक चाल वाजवून डोकं उठवायचा. वयाबरोबर माणूस सुधारतो.

२४ मार्च, सोमवार. ताप आहे, कमी.

बाईंनी यंत्र आणलं. कपाटाएवढा खोका, त्यातून निघालेली जाडजूड नळी, कुठेही वळवा तिथे थांबते, आणि टोकाला फनेलसारखं तोंड. चालू केलं की हवा ओढते. सगळ्यांनी तिचं नाव सोंड ठेवलं. बाई म्हणाल्या, धूर नाकापर्यंत पोचायच्या आत, जिथे उठतो तिथेच धरायचा. सोंड माझ्या आणि बोक्याच्या टेबलांच्या मधे बसवलीय, दोघांनाही पुरते.

धूर वर जातो हे लहान मूलही सांगेल. म्हणून मी सोंड बरोबर माझ्या डोक्यावर लावली. तासाभरात घसा असा खवखवायला लागला की विचारू नका. बाई आल्या, बघितलं, म्हणाल्या, "धूर खालून निघतो, सोंड वर आहे, आणि मधे कोण आहे?" मधे माझं नाक होतं. म्हणजे यंत्र लावून मी सगळा धूर नाकावरून नेत होतो. कुणी हसलं नाही, कारण मी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

२५ मार्च, मंगळवार

आज सोंड खाली आणली, अगदी वेल्डच्या तोंडाशी. धूर दिसेनासा झाला. पण वेल्ड थंड झाल्यावर बघतो तर काय, भोकं. बारीक बारीक, सुईने टोचल्यासारखी. माझ्या वेल्डला भोकं. रंगारी मुद्दाम येऊन बघून गेला.

कारण मला कळलं. आमच्या टॉर्चमधून तारेबरोबर गॅस येतो, तो वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा राहतो म्हणून वेल्ड भरीव होतं. सोंडेने धुराबरोबर तो गॅसही ओढून नेला. मी यंत्र बंद केलं आणि बाईंना सांगितलं, छाती वाचवायची तर वेल्ड जातं, तुम्हाला काय हवं ते सांगा. बोका आज मंगळवार असून चक्क कामावर होता, तो म्हणाला, "भावजी, मी तर म्हणतच होतो. आपलं दूध बरं." आयुष्यात पहिल्यांदा त्याचं म्हणणं मला पटलं.

२७ मार्च, गुरुवार. खोकला १२.

बाई म्हणाल्या, राहू द्या, सोंड परत पाठवते. ज्यांनी विकली ते सांगत होते की वेल्ड न बिघडवता ही वापरायला हात फार तयार लागतो, दहात एखाद्याला जमतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

मग सोंड वेल्डच्या वर नको, बाजूला ठेवून बघितली. चार बोटं, भोकं. सहा बोटं, थोडी भोकं. एक वीत, म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि किंचित वरच्या अंगाला: भोक नाही, आणि धूर वाकून सरळ सोंडेत. दोन वितींवर नेली तर पुन्हा नाकात. म्हणजे एकच वीत. आणि वेल्ड पुढे सरकलं की थांबून सोंडही पुढे न्यायची, नाहीतर ती मागे राहते आणि आपण पुढे. दिवसभरात बारा वेळा हलवली. बाईंना वेल्ड दाखवलं. त्या म्हणाल्या, कमाल आहे, मला वाटलं नव्हतं जमेल. लोकांना माणसाची पारख नसते.

२९ मार्च, शनिवार. खोकला ९.

नवीन उशी आणली. लगेच फरक पडला.

पंधरा तारीख जवळ येतेय. फुंकायची सवय हवी म्हणून पन्नास फुग्यांचं पाकीट आणलं आणि गच्चीवर जाऊन बसलो. तीन फुगवले, चौथ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. फुगे हलक्या प्रतीचे आहेत, रबर जाड आहे. तिन्ही फुगे वाऱ्याने खालच्या बाल्कनीत गेले आणि तिथल्या आजोबांनी विचारलं की कुणाचा वाढदिवस. मी माझाच म्हणून सांगितलं. आता त्यांना केक द्यावा लागणार.

१ एप्रिल, मंगळवार. खोकला ८. काल ताप नाही.

काल सोमवार असून ताप आला नाही. सासूबाई रविवारी आल्याच नव्हत्या. म्हणजे डॉक्टरांना सगळंच कळतं असं नाही.

बोक्याला ताप होताच. त्याला मी सोंड वापर म्हणून सांगून थकलो. तो म्हणतो, "टॉर्च धरू, जोड बघू, की तुमची सोंड हलवू? मला काय चार हात आहेत?" एकदा लावली ती चार बोटांवर, भोकं पडली, तेव्हापासून हात लावत नाही. मी माझं दूधही त्यालाच देतो, मला आता त्याची गरज वाटत नाही. त्याला तरी होऊ दे.

७ एप्रिल, सोमवार. खोकला ५.

आमच्या इमारतीची लिफ्ट दीड महिना बंद आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बोका चौथ्यावर. हा रोज संध्याकाळी वर जाताना आमच्याकडे थांबतो. पंधरा मिनिटं खुर्चीत बसतो, पाणी पितो, बोलत काही नाही, आणि मग वर जातो. मी हिला म्हटलं, तुझ्या भावाला स्वतःच्या घरी पाणी मिळत नाही का? हिने उलट त्याच्यासाठी पंखा वाढवला. वर्कशॉपमध्येही त्याने आता स्टूल घेतलंय, बसून वेल्डिंग करतो. मी बावन्न वर्षांचा उभा, आणि हा बसून. आळसाला काही मर्यादा.

फुगे आज आठ फुगले. हे दुसरं पाकीट चांगलं निघालं.

१३ एप्रिल, रविवार

परवा गाडी येणार. जेवण गेलं नाही. अकरा फुगे फुगतात पण यंत्र म्हणजे फुगा नाही. बहात्तर आणि सत्तर यांत अंतर ते किती. एखादा दिवस वाईट असतो माणसाचा. तेवढ्यावर मी जन्मभर हातमोजे वाटायचे? स्टोअरच्या खिडकीत मी स्वतःला बघतो आणि घाम फुटतो. हिच्यापुढे लपवलं, पण खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

मग एक गोष्ट सुचली. फुंकायची नळी धरणारा तंत्रज्ञ दरवेळी नवा असतो, तो चेहरे ओळखत नाही, छातीवरचा बिल्ला बघून यंत्रात नंबर घालतो. डॉक्टर नंतर फक्त कागद बघतात. बोक्याने माझा बिल्ला लावायचा, मी त्याचा. पस्तिशीचा गडी, रोज तीन पेले दूध पिणारा. शंभराच्या वर जाईल. मीच त्याला म्हणालो, थोडं बेताने फुंक, संशय नको यायला.

बोका लगेच तयार झाला. म्हणाला, भावजी, तुमच्यासाठी एवढं नाही करणार का? चांगला मुलगा आहे. मी त्याला उगाच बोलतो.

१५ एप्रिल, मंगळवार

झालं. बिल्ले बदलले, बोक्याने माझ्या नावाने फुंकलं, मी त्याच्या नावाने. तंत्रज्ञाने मान वर करून पाहिलंही नाही. बोका गाडीतून उतरला तो लालबुंद, पायरीवरच बसला. मी म्हटलं, नाटकं पुरे. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१७ एप्रिल, गुरुवार

बाईंनी आत बोलावलं, दार लावून घेतलं, कागद पुढे ठेवला. माझ्या नावापुढे एकसष्ट. सोमवारपासून स्टोअर. बाईंचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, बाबांनी तुमच्याबद्दल सांगितलेलं एकन् एक मला आठवतंय, पण मी हा आकडा डावलू शकत नाही. बोका सत्तर, काठावर पास. पण ते सत्तर तर माझे होते.

मी बाहेर आलो तो तडक बोक्याच्या टेबलापाशी. म्हटलं, बेताने फुंक म्हणालो होतो, झोप काढ म्हणालो नव्हतो. तुझ्या आळसापायी माझं हातातलं काम गेलं. तो म्हणाला, "भावजी, बेताने नाही फुंकलं. जेवढं होतं तेवढं सगळं फुंकलं."

खोटारडा. आज त्याला पाण्यासाठी दार उघडलं नाही. हिनेच उघडलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी होती. सकाळी बोक्याला गच्चीवर बोलावलं. त्याचं ढोंग उघडं पाडायचं होतं. चौथ्या मजल्यावरून गच्ची म्हणजे एकच जिना, तर हा मधे थांबून कठड्याला टेकला. मी पाकिटातला एक फुगा त्याच्या हातात दिला, म्हटलं, फुगव.

त्याने तोंडाला लावला. गाल फुगले, मान ताठली, फुगा मुठीएवढा झाला आणि हवा परत त्याच्या तोंडात गेली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो फुगा हातात धरून नुसता बसला आणि ओशाळं हसला. ज्या जागेवर बसून मी अकरा फुगवले होते, त्याच जागेवर हा एक फुगवू शकत नव्हता.

म्हणजे एकसष्ट हे त्याचे खरे होते.

हा स्टुलावर बसत होता तो आळस नव्हता. आमच्याकडे पाणी प्यायला थांबत नव्हता, दम घ्यायला थांबत होता. आणि मी आठ दिवस पंखा लावून माझा सगळा धूर आधी याच्या टेबलावर आणि मग रंगाऱ्याच्या फाटकावर सोडला. फाटक मळलं म्हणून रंगारी भांडला. हा भांडला नाही, कारण मी त्याचा भावजी आणि मीच त्याला काम शिकवलं. वर त्याला माझं दूध पाजून मी स्वतःला दानशूर समजत होतो. लाज वाटते लिहायला.

१९ एप्रिल, शनिवार

हिला सगळं सांगितलं. बिल्ल्यांचंही. वाटलं, आकांत करेल. ही उठली, कपाटातून रुमालांचे दोन गठ्ठे काढून पलंगावर ठेवले. तुमचे आणि त्याचे, म्हणाली. मला वाटलं होतं दुकानात पांढरेच होते.

"मार्चमध्ये दोघांचे सारखेच काळे होते. या महिन्यात तुमचे उजळलेत. त्याचे नाही उजळले. मी त्याला विचारते तर तो म्हणतो, ताई, दूध पितो ना मी. मी कुणाला सांगू? तुम्ही तर उशीचं कौतुक करताय."

उशीचा काही संबंध नव्हता, हे मला आत्ता कळलं. वहीत मागे जाऊन बघितलं. ज्या आठवड्यात सोंड वितीवर बसली, त्याच आठवड्यात खोकला बारावरून नऊवर आला.

आता दोनच वाटा. गप्प बसलो तर सोमवारी मी स्टोअरला जातो आणि बोका त्या धुरात बसून राहतो. सांगितलं तर फसवणूक केली म्हणून दोघांचीही नोकरी जाऊ शकते. आणि मी वाचलो तरी त्याची टॉर्च जाणार. रात्र होईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता, जेवायच्या आधीच बाईंना फोन लावला.

२१ एप्रिल, सोमवार

बाई आम्हाला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्वतः नळी धरली. माझे एकोणऐंशी. मार्चपेक्षा सात जास्त. मला उडी मारावीशी वाटली, पण मग बोक्याचा आकडा आला. त्रेपन्न.

मी म्हटलं, गेल्या मंगळवारी तर एकसष्ट होते. डॉक्टर म्हणाले, तेव्हा यंत्राला वाटत होतं की फुंकणारा बावन्न वर्षांचा आहे. म्हाताऱ्याच्या मापाने मोजलं म्हणून ते एकसष्ट. पस्तिशीच्या मापाने त्रेपन्न. आणि त्याच्या नावावर तुमचे सत्तर आले, तेही पस्तिशीच्या मापाने.

मला म्हातारा म्हणाले तेही मी ऐकून घेतलं.

डॉक्टरांचं म्हणणं असं: जस्ताच्या पाईपांना बोक्याने हात लावायचा नाही. बाकीचं काम करू दे, पण सोंड प्रत्येक वेल्डला, पहिल्या ठिणगीपासून शेवटच्या ठिणगीपर्यंत, जागेवर. सोंड नाही तर वेल्ड नाही. दर सहा आठवड्यांनी तपासणी, आणि आकडा अजून घसरला तर काम बंद. गेलेलं सगळं परत मिळेल असं ते सांगू शकत नाहीत, उरलेलं राखता येईल.

बाईंनी आम्हा दोघांचा आठवड्याचा पगार कापला आणि म्हणाल्या की दूध चालू राहील, पण दूध म्हणून प्यायचं, औषध म्हणून नाही. मग बोक्याला विचारलं, सोंड वापरशील ना? हा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

२२ एप्रिल, मंगळवार

बोका कामावर आला नाही. ताप नाही, नुसता आला नाही. संध्याकाळी ही रडत खाली आली. तो दुसरीकडे लागतोय. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये वेल्डर हवेत, तिथे गाडी येत नाही, नळी नाही, सोंड नाही. दूध दोन वेळा.

२३ एप्रिल, बुधवार

कामावरून येऊन चौथ्या मजल्यावर गेलो. बोका खिडकीपाशी बसला होता. माझ्याकडे बघेना. मी बरंच काही ठरवून गेलो होतो, डॉक्टर काय म्हणाले वगैरे, पण तिथे गेल्यावर विसरलो. शेवटी विचारलं, सोंडेची एवढी काय चीड आहे तुला?

तो म्हणाला, "मला जमत नाही ती. तुम्हाला जमते. लावली की माझ्या वेल्डला भोकं पडतात आणि सगळे बघतात. एक जोड करायला मला तुमच्या तिप्पट वेळ लागतो. तुमचा मेहुणा म्हणून आधीच लोक म्हणतात की वशिल्याने लागला. इथे आजारी म्हणून सांभाळून घेतील, तिथे निदान वेल्डर म्हणतील."

मी त्याला आधीच सांगू शकलो असतो की मलाही तीन दिवस भोकं पडली. सांगितलं नव्हतं, हा माझा स्वभाव. ते सांगितलं. डोक्यावर सोंड लावून सगळा धूर नाकावरून नेला, तेही सांगितलं. त्याने ते पाहिलं होतंच, पण माझ्या तोंडून ऐकून त्याला बरं वाटलं असावं. मग मी म्हटलं, "उद्या ये. तू वेल्ड कर, सोंड मी धरतो."

"तुम्ही? माझ्या हाताखाली?"

"हाताखाली नाही. शेजारी."

तो म्हणाला, बघतो.

२४ एप्रिल, गुरुवार. खोकला ४.

आला.

बाईंना सांगितलं, बोक्याचा हात बसेपर्यंत सकाळचे दोन तास मी त्याच्या टेबलाशी. त्यांनी मान हलवली. रंगारी काम टाकून बघायला आला. सगळ्यात जुना वेल्डर, आणि मेहुण्याची सोंड धरून उभा. येऊ दे.

मी हेल्मेटची काच खाली केली, सोंडेचं तोंड वितीवर धरलं, बोक्याने टॉर्च लावली. आणि एक गोष्ट झाली ती लिहून ठेवतो. सव्वीस वर्षांत मी धूर असा कधी पाहिलाच नव्हता. वेल्डिंग करताना माणूस ठिणगीकडे बघतो, दुसरीकडे बघितलं तर हात चुकतो. आज हातात टॉर्च नव्हती. मला बाजूने सगळं दिसत होतं. वेल्डमधून धुराचा जाड पिवळट दोर निघत होता आणि वाकून माझ्या हातातल्या तोंडात जात होता, एकसारखा, थांबतच नव्हता. एकदा माझा खांदा अवघडला, सोंड जराशी मागे राहिली, आणि तो दोर तिथेच सरळ उभा झाला आणि बोक्याच्या हेल्मेटखाली शिरला. नाकाच्या जागी. तो बिचारा काम करत होता, त्याला कळलंही नाही. मला इतकी भीती वाटली की मी ओरडणारच होतो. हे रोज आठ तास. हे त्याच्या छातीत, आणि माझ्या.

सोंड पुन्हा वितीवर आणली. खांदा दुखत होता, दुखू दिला.

बोका हेल्मेटच्या आतून म्हणाला, "भावजी, जरा डावीकडे. आणि हलू नका."

सव्वीस वर्षांत मला कुणी असं सांगितलेलं नाही. मी डावीकडे झालो आणि जोड पुरा होईपर्यंत हललो नाही.